धुरपदानं भरलेल्या नांग्या

धुरपदाला तासात नांगी दिसली की पुढं पाऊल टाकवत नसे. नांगी म्हणजे पिकाच्या ओळीतली रिकामी जागा. दाणा उगवला नाही, नाहीतर उगवलेलं रोप मरून गेलं, की तेवढी जागा उघडी पडते, पडलेल्या दातासारखी. बाकीच्या बाया तण काढत, गप्पा मारत पुढं निघून जात. धुरपदा तिथंच बसे. ओच्यातला भिजवलेला दाणा काढी, बोटानं माती उकरी, दाणा ठेवी, वरून चिमूटभर माती दाबी आणि मग गुडघ्यावर हात टेकून उठे. शेत कोणाचं हे ती बघत नसे. एकदा एस.टी.ची वाट बघता बघता रस्त्याकडेच्या परक्या शेतात शिरून तिनं नांग्या भरल्या, बस निघून गेली, आणि शेतवाला काठी घेऊन आला तो गोंधळून उभाच राहिला. चोरी करणारी बाई त्यानं पाहिली होती. पेरून जाणारी पहिल्यांदाच पाहिली.

बाया हसत. "हिला एखाद्याच्या डोक्यावर टक्कल दिसलं तर तिथंही हरभरा टोचील," असं म्हणत.

पण ती खोड उगीच लागलेली नव्हती. धुरपदाला स्वतःलाच कोणीतरी एका नांगीत लावलं होतं.

झालं असं, की तिची थोरली बहीण शेवंता धुळ्याजवळच्या गावी लोटनला दिलेली. पहिलं बाळंतपण झालं, सुमन जन्मली, आणि पोरीचं बारसं व्हायच्या आतच शेवंता गेली. लोटनची आई तान्ही पोर मांडीवर घेऊन व्याह्यांच्या ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, पोरीला परकी आई नको, तिची मावशीच द्या. धुरपदा तेव्हा अंगणात सागरगोटे खेळत होती. हातातले गोटे खाली ठेवायच्या आत तिचं ठरलं. शेवंताची लुगडी तिला झाली. चोळ्या थोड्या आवळून झाल्या. बांगड्या तेवढ्या मोठ्या पडायच्या, भाकरी थापताना परातीत निसटायच्या.

नावही शेवंताचंच झालं. सासू म्हणाली, "आमच्या तोंडात शेवंता बसलंय, आता नवं कुठं घोकत बसू?" तेवढंच. त्यात दुष्टावा काही नव्हता. म्हातारीला खरंच कंटाळा होता. पण पहिल्या दिवसांत कोणी "शेवंता, पाणी आण गं" अशी हाक मारली की धुरपदा पटकन मागं वळून बघायची. तिला वाटायचं, अक्का आली. हाकेला ओ द्यायला तिला सबंध वर्ष लागलं.

रीतीप्रमाणे गळ्यात सवतीचा टाक आला. बोटाच्या पेराएवढी चांदीची पत्री, तिच्यावर बाईचं रूप ठोकलेलं. दुसरेपणावर आलेल्या बाईनं तो घालायचा, सणावाराला त्याला आधी कुंकू लावायचं, मग स्वतःला. जन्मभर बहिणीला गळ्यात घेऊन ती राहिली. लोटन भला माणूस होता. हात उगारला नाही, ताटावरून उठवलं नाही. सुमननं तिलाच आई म्हटलं. पुढं तिची स्वतःची मुलगी झाली, बेबा. सगळं बरं झालं. म्हणून तर बोलायला काही जागाच नव्हती.

गाव तिला शेवंताबाई म्हणे. या गोष्टीत तरी तिला धुरपदाच म्हणू.

किल्लारीला भूकंप झाला, त्या वर्षीची ही गोष्ट. धुरपदा तेव्हा धुळ्याच्या बाहेर एका शेती संशोधनाच्या मळ्यावर कामाला जायची. तिथं सुनंदा मॅडम आल्या होत्या. रावेरकडच्या केळीवाल्या घरच्या. कॉलेजात शिकवायच्या, आणि रजा काढून डॉक्टरकीचा अभ्यास करायच्या. ही डॉक्टरकी सुई टोचायची नव्हे. धुरपदानं पहिल्याच दिवशी आपला दुखरा गुडघा पुढं केला होता, तेव्हा मॅडमना ते समजावून सांगावं लागलं.

मॅडम हरभऱ्याचा नकाशा काढत होत्या.

"नकाशा तलाठी काढतो," धुरपदा म्हणाली. "हरभऱ्याचा कशाला?"

मॅडम बांधावर बसल्या. समजावून सांगायची त्यांना हौस होती. म्हणाल्या, "अक्का, प्रत्येक दाण्याच्या आत धागा असतो. दिसत नाही, पण असतो. पान केवढं, फूल कोणत्या रंगाचं, मर लागणार की नाही, हे सगळं त्या धाग्यावर ठरलेल्या जागी असतं. आगगाडीच्या रस्त्यावर कशी गावं असतात, दोंडाईचा, अमळनेर, तशी. आता मर अडवणारं गाव नेमकं कुठं आहे, ते मला शोधायचंय."

मर म्हणजे हरभऱ्याचा रोग. उभं हिरवं झाड मान टाकतं आणि वाळून जातं.

"पण दिसत नाही ना तो धागा?"

"नाही दिसत. म्हणून जवळच्या खुणा शोधायच्या. तुम्ही सुमनकडं अमळनेरला जाता. डोळे मिटलेले असले तरी अमळनेर आलं हे कसं कळतं?"

"तेलाचा वास येतो."

"बस. तो वास म्हणजे अमळनेर नव्हे. पण वास आला की गाव जवळ आहे, एवढं नक्की. माझ्याकडच्या खुणा तशाच."

धुरपदाला हे फार आवडलं. दुपारी भाकरी खाताना तिनं सगळ्या बायांना ऐकवलं, की हरभऱ्याच्या पोटातून आगगाडी जाते आणि आपल्या मॅडम तिच्यात नाक बाहेर काढून बसल्यात.

मॅडमनी दोन हरभऱ्यांचं लग्न लावलं होतं. एक टपोरा, देखणा, पण मर लागली की लगेच जाणारा. दुसरा बारका, काळपट, पण मर त्याला शिवायची नाही. त्या जोडप्याची नातवंडं एका वाफ्यात लावायची होती, आणि वाफा असा, की त्याच्या मातीत मर मुद्दाम जपून ठेवलेली. दुसरीकडं लोक रोग घालवायला औषध मारतात, इथं सरकार रोगाला पाणी घालून वाढवतं, हे बघून धुरपदानं कपाळाला हात लावला होता.

पेरणीच्या आधी, दसऱ्याच्या सुमारास, सुमन गेली. तिकडं अमळनेरला, सासरी. बाळंतपणानंतर कावीळ झाली, ती उतरली नाही. मागं तान्ही मुलगी राहिली. शेवंताचं झालं तसंच, जणू कोणी जुन्या रेघेवरून परत बोट फिरवलं. धुरपदा तेराव्याला गेली, आली आणि कामावर हजर झाली. घरात बसून काय करायचं? वाफ्यात निदान वाकून रडता यायचं, मातीकडं तोंड करून.

रोपं वर आली. प्रत्येक रोपाजवळ मॅडमनी आकड्याची खुंटी रोवली, प्रत्येकाचं कोवळं पान खुडलं, बर्फाच्या डब्यात ठेवलं. ती पानं घेऊन त्या मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जायला निघाल्या. जाताना म्हणाल्या, "अक्का, फक्त तण काढा आणि पाणी द्या. बाकी वाफ्याला हात लावायचा नाही. जी मरतील ती मरू द्या. मला मेलेलं झाड जगलेल्याइतकंच हवंय."

धुरपदानं मान डोलावली. पण ती मान दुसऱ्याच कशासाठी तरी डोलत होती. त्या दिवसांत तिच्या कानात सुमनच्या पोरीचं रडणं बसलेलं होतं.

तुळशीचं लग्न झालं आणि सुमनची सासू पुष्पाबाई आली. मांडीवर नात. तीच बैठक, तसाच ओटा, फक्त माणसं बदललेली. चहा झाला, सुमनच्या आठवणी झाल्या, दोघी विहिणी गळ्यात पडून रडल्या. मग पुष्पाबाईनं डोळे पुसले.

"शेवंता माय, मी काय सांगू? पोर मायशिवाय कशी ऱ्हाई? बेबा दी टाका. बहीनना जागावर बहीन. यामां वाईट काय शे?"

लोटन खाली बघत बसला. सुकदेव जावई म्हणून चांगला होता. तेलाच्या गिरणीत कामाला, पान-तंबाखूसुद्धा नाही. लोटननं धुरपदाकडं पाहिलं. आणि धुरपदा, कोणी न दटावता, कोणी दम न देता, म्हणाली, "देऊ."

तिला त्यात काही अवघड वाटलंच नाही. नांगी पडली होती, जवळ दाणा होता.

बेबा बारावीला होती. सुमन बोलली तर शेजारी बसलेल्यालाही ऐकू जात नसे, आणि बेबा हसली तर गल्लीतली कुत्री उठून बसत. सुमनची भाकरी चंद्रासारखी. बेबाची भाकरी बघून लोटन विचारायचा, "हा कोणत्या तालुक्याचा नकाशा?" तिला नर्स व्हायचं होतं. धुळ्याला सायकलीवर जायची आणि उतार लागला की दोन्ही हात सोडायची. ती घरात आली तेव्हा पुष्पाबाईनं तिच्यापुढं सुमनच्या बांगड्या ठेवल्या.

बेबानं एक बांगडी हातात चढवून पाहिली. अंगठ्याजवळ अडकली. "बसत नाही, माय," ती म्हणाली, आणि हसायला गेली. कोणीच हसलं नाही, तेव्हा तिनं सगळ्यांच्या तोंडाकडं एकेक करून पाहिलं, आणि तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी धुरपदा वाफ्यात गेली. थंडी पडली होती आणि मर जोरात लागली होती. काल हिरवी असलेली रोपं मान टाकून पडलेली. कुठं नुसती खुंटी उभी, शेजारी काड्या. तेवढ्यात मुकादम आला.

"काय व शेवंता माय, वाफा असा टकला? मोठे साहेब येणार आहेत बघायला. लाज जाईल आपली."

त्याला काय, तो बोलून पुढं गेला. धुरपदा मात्र उभीच राहिली. मळ्यावरच्या खोलीत त्याच लग्नाचे उरलेले दाणे डब्यात होते. तेच आजी-आजोबा, तेच आई-बाप. परकं काही नाही. तिनं दाणे भिजवले, ओच्यात घेतले आणि खाली बसली. मेलेलं रोप उपटायचं, त्याच खुंटीशी, त्याच खड्ड्यात त्याचं भावंड ठेवायचं, माती दाबायची. प्रत्येक खड्डा भरताना तिच्या छातीवरचं ओझं थोडं हलकं होत होतं. पुढं त्यातलीही काही मेली. तिनं परत भरली. साहेब आले, वाफा बघून "छान" म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

मॅडम संक्रांतीच्या आसपास परत आल्या. अंगात स्वेटर, हातात फोटोंचं पाकीट, चेहरा उजळलेला. खुणा मिळाल्या होत्या. आता एवढंच बघायचं होतं, की कोणती झाडं मेली आणि कोणती राहिली. मेलेल्यांच्या अंगावर कोणती खूण होती आणि राहिलेल्यांच्या अंगावर कोणती, हे ताडून पाहिलं की गाव सापडलं.

त्या वाफ्याच्या कडेला आल्या आणि थांबल्या.

वाफा भरलेला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवा. एकही खुंटी रिकामी नव्हती.

"अक्का, मर लागलीच नाही?"

"लागली ना! खूप लागली. पण मी एक नांगी ठेवली नाही, मॅडम." धुरपदा अंगठ्यानं माती झटकत उभी राहिली. तिच्या बोलण्यात अभिमान होता. "तुमच्या डब्यातलेच दाणे. बाहेरचा एक नाही घातला."

मॅडम बांधावर बसल्या. पाकीट मांडीवर तसंच. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. धुरपदा घाबरली. मॅडम ओरडल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं.

"कोणती मेली होती, सांगता येईल तुम्हाला?"

धुरपदा तासात शिरली. एका रोपापाशी वाकली, म्हणाली, "हे मागाहूनचं." मग शेजारचं पाहिलं. तेही बारकं होतं, पण ते मूळचंच खुरटलेलं की काय? पुढं गेली, परत आली. मन लावून भरली होती तिनं, इतकी मन लावून की आता तिचं तिलाच ओळखू येईना. सगळी सारखी हिरवी. वाऱ्यावर सगळी सारखी हलत होती.

"नाही सांगता येत," ती म्हणाली. मग हळूच विचारलं, "पण बिघडलं काय, मॅडम? एकाच आईबापाची आहेत ना? एक गेलं, तिथं त्याचं भावंड आलं."

मॅडमनी डोळे पुसले. म्हणाल्या, "आमच्याकडं केळी असते ना, अक्का, तिच्या बुडाचं पिल काढून लावलं की तीच केळी परत येते. आईच परत उगवते म्हणा. हरभऱ्याचं तसं नाही. साध्या पेरणीचा हरभरा सारखा असेल. पण ही लग्नाची नातवंडं आहेत. यांच्यात दाणा दाणा वेगळा."

त्यांनी पाकिटातून फोटो काढला. काळ्या कागदावर पांढुरक्या आडव्या रेघा, शिडीच्या पायऱ्यांसारख्या, कुठं आहे कुठं नाही.

"हे गोंदण आहे का?" धुरपदानं विचारलं.

"तसंच समजा. आतलं गोंदण. ही एका झाडाची रांग, ही त्याच्या बहिणीची. बघा, जुळतात का."

धुरपदानं फोटो डोळ्यांजवळ नेला. लिहिलेलं तिला वाचता येत नव्हतं, पण गोंदण वाचता येत होतं. नव्हत्या जुळत. एकीची रेघ जिथं होती तिथं दुसरीची जागा कोरी.

"सख्ख्या बहिणी ना या?"

"सख्ख्या."

"तरी?"

"एका घाट्यात दोन दाणे असतात ना, अक्का, ते सुद्धा एकसारखे नसतात. जी गेली तिच्या जागी दुसरी लावता येते. ती उगवते, वाढते, फुलावर येते. पण ती हीच असते. जी गेली, ती नसते." मॅडमनी वाफ्याकडं बोट केलं. "ती रिकामी जागा मला हवी होती. त्या जागेनंच मला सांगायचं होतं, इथं कोण होतं ते. आता खुंटी मेलेलीची आणि झाड भलत्याचंच. माझी पानं, खुणा, सगळं लटकलं."

"पुढल्या साली परत पेरू. मी हात लावणार नाही. शपथ घेते."

"पुढल्या साली मी नाही. रजा उन्हाळ्यात संपते. दुसरी मिळत नाही."

धुरपदाचा हात आपोआप गळ्यातल्या टाकावर गेला होता. बोटाखाली चांदीचं नाक, चांदीचे डोळे. इतकी वर्षं कुंकू लावून लावून ते रूप झिजून गेलं होतं, कोणाचंही म्हणून चाललं असतं.

त्या दिवशी ती कामावरून पळतच घरी आली. लोटन ओट्यावर दोर वळत होता.

"बेबाला द्यायची नाही," ती म्हणाली.

"काय?"

"अमळनेरला द्यायची नाही. सुमन गेली. ती जागा सुमनची. तिथं बेबाला लावायची नाही."

लोटननं दोर खाली ठेवला. "सुपारी फुटली, धान्य आलं, आता काय बोलस तू? आणि तू ऊनी ना तशीच, बहीनना जागावर? काय बिघडनं तुनं?"

ती त्याच्यासमोर बसली.

"मन्हं नाव काय शे?"

"काब्र इचारस? शेवंता..." तो म्हणाला आणि थांबला. दोराचं टोक बोटांत फिरवत राहिला. त्याला आठवावं लागलं. बाईच्या हातचं इतक्या वर्षांचं जेवलेला माणूस, कपाळाला आठ्या घालून तिचं नाव शोधत होता. "धुरपदा," तो शेवटी म्हणाला. मग जरा रागावून, जरा दुखावून, "मी तुला कधी काही कमी केलं का?"

"नाही केलं," ती म्हणाली, आणि ते खरं होतं, म्हणून तिला रडू आलं.

आतल्या खोलीत बेबा होती. पुष्पाबाईला बरं नव्हतं म्हणून चार दिवसांपासून सुमनची पोर इकडंच आणून ठेवली होती. दोघांचं बोलणं ऐकून बेबा दारात आली. पोर तिच्या खांद्यावर, आणि पोरीनं तिची वेणी मुठीत गच्च धरलेली.

"माय, राहू दे," बेबा म्हणाली. "मी जाते."

"तुला नर्स व्हायचंय ना?"

"ही रात्रभर माझ्याशिवाय कोणाकडं राहत नाही गं." तिनं वेणी सोडवायला पाहिली, पोरीनं आणखी घट्ट धरली. "बघ, सोडतच नाही."

धुरपदानं त्या मुठीकडं पाहिलं. सुमननंही अशीच धरली होती, तिची वेणी. आपल्याला ओट्यावरच्या माणसांनी धरून आणलं असं ती आजवर समजत होती. धरलं होतं ते या एवढ्याशा मुठीनं. हिच्याशी भांडणार कोण?

मग तिनं एकच गोष्ट मागितली. पुष्पाबाई परत आली तेव्हा तिचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "ताई, नाव तेवढं बदलू नका. बेबाच म्हणा."

"नावनं काय एवढं, माय?" पुष्पाबाई हसली. "बेबाच म्हणसूत." आणि तिनं ते मनापासूनच म्हटलं असणार.

माघात लग्न लागलं. वाजंत्री नाही, मांडव साधा, दुःखाचं घर म्हणून. तिकडं मळ्यावर वाफ्यातला हरभरा पिकला. मॅडमना खुंटीगणिक वेगवेगळा काढून पुड्यांत ठेवायचा होता. आता वेगळा ठेवण्यासारखं काही राहिलं नव्हतं, म्हणून सगळा एका पोत्यात ओतला. धुरपदा पोत्याचं तोंड धरून उभी होती. देखणे, बारके, काळपट, तांबूस, सगळे दाणे आवाज करत एकात एक मिसळून गेले. मॅडम जायला निघाल्या तेव्हा धुरपदानं त्यांचे पाय धरले. त्यांनी तिला उठवलं.

"तुमचं काही चुकलं नाही, अक्का. शेतात काम करणारी कोणतीही बाई हेच करील."

"म्हणून तर," धुरपदा म्हणाली. आणि तिनं पोत्याचं तोंड दोरीनं आवळून टाकलं.

आखाजी आली. या सणाला खान्देशात सासरच्या पोरी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात, दिवसभर गाणी म्हणतात. धुरपदाच्या दारात मोठं निंबाचं झाड होतं. त्याला दरसाल दोन झोके असायचे, एक सुमनचा, एक बेबाचा. लोटन दोर घेऊन झाडाखाली गेला आणि एक झोका बांधून उतरायला लागला.

"दुसरा?" धुरपदानं विचारलं.

"दुसरा कोणाला?"

"बांधा."

त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि बांधला.

सकाळच्या एस.टी.नं बेबा आली. काखेत पोर, मागं सुकदेव पिशव्या घेऊन. डोक्यावरचा पदर नीट बसलेला. गळ्यात नवा कोरा चांदीचा टाक चकचकत होता. नाक-डोळे अजून धारदार. हातात सुमनच्या बांगड्या होत्या, आणि त्या आता बसत होत्या. धुरपदानं तिची अलाबला घेतली, मीठ-मोहरी उतरवली, सांजोऱ्या पुढं ठेवल्या. बेबानं हळू आवाजात सगळ्यांची विचारपूस केली. इतकी हळू, की धुरपदाला एकदा "काय?" असं विचारावं लागलं.

दुपारी गल्लीतल्या पोरी झोक्यांपाशी जमल्या. एकजण त्यातल्या एका झोक्यावर बसायला गेली, तर धुरपदानं तिला हाताला धरून बाजूला केलं. "त्यावर नाही. तो सुमनचा."

"सुमनताई तर..." पोर गडबडली.

"हो. तो तिचा. तसाच राहू दे."

पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. म्हातारीचं डोकं फिरलं की काय! नांगी दिसली की जीव कासावीस होणारी ही बाई, आणि हिनंच आता नांगी राखत बसावं!

"आणि हा कोणाचा?" बेबानं दुसऱ्याकडं बोट दाखवलं.

"हा बेबाचा," धुरपदा म्हणाली.

बेबानं पोर आईच्या मांडीवर दिली. झोक्यावर बसली, पाय टेकून मागं गेली आणि सोडलं. एक हेलकावा, दोन, तीन. पदर डोक्यावरून घसरला. झोका वर गेला तशी ती हसली. जुनं, मोठं, गल्लीतली कुत्री उठवणारं हसू. मांडीवरची पोरही टाळ्या पिटायला लागली. धुरपदानं डोळे मिटून ते ऐकून घेतलं. डोळे मिटले तरी गाव जवळ आल्याचं कळत होतं.

"सुमन!" ओट्यावरून सुकदेवनं हाक मारली. त्याचं मन वाईट नव्हतं. तोंडात बसलेलं नाव होतं. "पोरीची बाटली कुठं ठेवली?"

"ओ!" बेबा म्हणाली. लगेच. विचारसुद्धा न करता. पाय जमिनीला लावून तिनं झोका अडवला, पदर डोक्यावर ओढला, आणि "आले" म्हणत घरात गेली.

धुरपदाला सबंध वर्ष लागलं होतं. बेबाला एवढ्यातच जमलं. पोर अभ्यासात हुशारच होती.

निंबाखाली दोन्ही झोके रिकामे होते. एक अगदी स्थिर. दुसरा अजून थोडा थोडा हलत होता. बाया आत बोलवत होत्या, जेवणं खोळंबली होती, पण धुरपदा मांडीवरची पोर छातीशी धरून तिथंच बसून राहिली, त्या दुसऱ्या झोक्याकडं बघत. तो थांबायच्या आत तिला उठायचं नव्हतं.